सासरचे पक्षी

बुरुलच्या सासरी सगळी पाखरंच. चेष्टा नाही करत. सासऱ्याचं नाव बुर्कुतबाय, म्हणजे गरुड. सासूचं नाव अक्कू, म्हणजे हंस. थोरल्या दिराचं शुमकार, म्हणजे ससाण्यांमधला सगळ्यात मोठा. आणि नवऱ्याचं? त्याच्या नावाचा पक्षी म्हणजे पांढरा बाज, एवढंच आत्ता सांगतो. नाव सांगत नाही. बुरुलनं ते तिच्या तोंडानं कधी घेतलं नाही, आणि तिच्या आधी मी घ्यावं हे मला बरं दिसत नाही.

आमच्या कोश-बुलाक गावात सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही. नवऱ्याचंही नाही. घेतलं तर आभाळ कोसळत नाही म्हणा. फक्त पलीकडच्या खोलीतून सासू खाकरते. पण अक्कूबाईंचं खाकरणं ज्यांनी ऐकलंय त्यांना विचारा, त्यापेक्षा आभाळ परवडलं म्हणतील. दुसऱ्या घरच्या सुनेला याचा एवढा जाच नसतो. बुरुलचा सासरा पडला शिकारीचे गरुड पाळणारा. घरात दिवसभर विषय एकच, पक्षी. आणि नव्या सुनेला नेमके तेच पक्षी तोंडाला बंद. गरुडाला मांस घालून आली की म्हणायची, "थोरल्याचं जेवण झालं." हंस आले की म्हणायची, "लांबमान्या आल्या." ससाण्याला टोकपंख्या. पांढऱ्या बाजाला काही म्हणायची पाळीच आली नाही, कारण तो आमच्या तळ्याच्या किनाऱ्याला येतच नव्हता.

आला होता, एकदाच. बुरुलचा नवरा जन्मला त्या सकाळी घरामागच्या पॉपलरवर येऊन बसला होता म्हणे. सासऱ्यानं जाळं उचललं, तेवढ्यात आतून मूल रडलेलं ऐकलं आणि जाळं खाली ठेवलं. पक्षी सोडला आणि नाव ठेवून घेतलं. तेव्हापासून तो मुलगा, पुढे मिशा फुटलेला बाप्या, पुढे म्हातारा, दर हिवाळ्यात उठल्याबरोबर आधी त्या पॉपलरच्या शेंड्याकडे बघायचा. चहा नंतर. बाज काही आला नाही.

लग्न झाल्यावर सुरुवातीला तो बुरुलच्या मागे लागायचा, "एकदा म्हण ना माझं नाव. कुणी नाही घरात."

"भिंती आहेत की."

"भिंती काय खाकरतात?"

"तुमच्या घरातल्या खाकरतील."

मग दोघं हसायची. सासू-सासरे गेले, दीर गेला, मुलगा मेलिस मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला. घरात खरंच कुणी राहिलं नाही. तरी तिनं नाव घेतलं नाही. सवय म्हणा, लाज म्हणा. नवरा आजारी पडला तेव्हा अंथरुणावरून खिडकीतून पॉपलर दिसेल अशी गादी तिनं सरकवून दिली. तो म्हणाला, "मी गेल्यावर येईल बघ तो. मुद्दाम येईल. मग त्याला काय म्हणशील?"

"गप्प पडा."

"नावानं हाक मार. मला नाही तर त्याला तरी."

ती उठून चुलीत गोवऱ्या सारायला गेली. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

तर हा नवरा आमच्या खाडीवरचा पक्षी बघणारा होता. आमचं तळं, इस्सिक-कुल, गोठत नाही, म्हणून वरच्या मुलखातले पक्षी थंडीला इथं उतरतात. तळ्याच्या चारी बाजूंना, वर नारिन नदीच्या काठाला, घाटातल्या वस्त्यांवर अशी एकेक माणसं ठरलेली असतात. शहरातल्या पक्षी-केंद्रातून संध्याकाळी फोन येतो. आज काय दिसलं, कुठं दिसलं, ते सांगायचं. सगळ्या मुलखाचं ऐकून झालं की कुठले पक्षी कुठून कुठं सरकले ते त्यांना कळतं. फोन करणारी मुलगी ऐजारकिन. आवाज गोड, अंगात चिकाटी, लग्न मोडून माहेरी परत आलेली. हे शेवटचं तिनं सांगितलं नव्हतं, पण बायकांना असलं फोनवरूनही कळतं.

नवऱ्याचं दफन झालं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. ऐजारकिनला काही माहीत नव्हतं.

"बाबा आहेत का?"

"गेले," बुरुल म्हणाली.

 मग ती पोरगी रडायला लागली. बुरुललाच तिची समजूत घालावी लागली. शेवटी फोन ठेवायच्या वेळी ऐजारकिन तिला आपा, म्हणजे आई, म्हणून म्हणाली, "आपा, तुमच्या खाडीचं आता कोण सांगणार?"

"मी सांगते की. लिही. लांबमान्या आल्यात, बोरूच्या बेटापाशी. थोरला दुपारी एक चक्कर मारून गेला. आणि चांदवे पुष्कळ."

"चांदवे कळले. बाकीचे कोण, आपा?"

बुरुलनं तिला सगळं सासर समजावून सांगितलं. पोरगी रडता रडता हसली. तेव्हापासून रोज फोनवर ती स्वतःच विचारायची, "काय आपा, सासरचं कोण आलं आज?" आणि बुरुल म्हणायची, "सासूबाई आल्यात सगळ्या गोतावळ्यासकट. थोरल्यांनी तोंड दाखवलं. दीर काही फिरकले नाहीत." पक्ष्यांचं बोलणं चुटकीसरशी संपायचं. मग भाकरी फुगली की नाही, तळ्यावरचा बोचरा उलान वारा सुटला की नाही, मेलिसचा फोन आला की नाही. मेलिसचा फोन सणावारी यायचा. तोही, "पैसे मिळाले का? बरी आहेस ना? ठेवतो." मेलिसला मी नावं ठेवत नाही. माझीही पोरं तिकडंच आहेत.

शेजारची काकीश कुंपणावरून टोमणे मारायची. "त्या फोनला काय बदकं अंडी घालतात का गं? सांजेपासून कानाला लावून बसतेस."

"तुला कुणी फोन करत नाही म्हणून जळतेस."

"मला काय करायचाय फोन? माझा म्हातारा घरात आहे. तोही बोलत नाही, पण घोरतो तरी."

घोरणं ही मोठी गोष्ट आहे. हे तेव्हा काकीशला कळलं नाही, पण बुरुलला कळलं. ती घरात आली आणि रेडिओ लावला. रेडिओवर बाजारभाव चालले होते. बंद केला.

दोन हिवाळे असे बरे गेले. तिसऱ्या वर्षी तळ्याचं पाणी मागं हटलं. खाडीचा चिखल उघडा पडला, आणि शरदात कुणा दीडशहाण्यानं बोरूचं बेट पेटवून दिलं, गुरांना कोवळा चारा फुटेल म्हणून. चारा फुटायचा तेव्हा फुटेल. पक्ष्यांची मात्र निवाऱ्याची जागा गेली. हंस आले, वरून बघितलं आणि पुढच्या किनाऱ्याला निघून गेले. चांदवेसुद्धा राहिले नाहीत.

संध्याकाळी फोन.

"सासरचं कोण आलं, आपा?"

"कुणी नाही गं."

"बरं. उद्या बघू."

असं काही दिवस चाललं. मग एकदा ऐजारकिन चाचरत म्हणाली, "आपा, आमच्या वरच्या साहेबांनी सांगितलंय, जिथं काही नाही तिथं रोज फोन करत बसू नकोस. बाकीच्यांचं राहून जातं. तर आता तुम्हीच करा हं फोन, काही दिसलं तर."

"करीन की," बुरुल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला फोन वाजला नाही. तिला माहीत होतं वाजणार नाही, तरी ती चूल पेटवून, ओढणी नीट करून फोनशेजारीच बसली होती. त्याच्या पुढच्या दिवशी अंधार पडायच्या आत तिनं घरातली सगळी कामं दोनदा केली. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण कुणाशी एक शब्द बोललो नाही. काकीश म्हाताऱ्याला घेऊन लेकीकडे गेली होती. शेळीशी बोलली होती, पण शेळीशी बोलणं काही बोलणं नव्हे.

म्हणून तिनं फोन लावला. "ऐजारकिन, चक्रवाकाची जोडी उतरलीये."

"खरंच? कुठं, आपा?"

"बोरूचं बेट होतं ना, त्याच्या अलीकडे. नर जरा लंगडतोय."

खाडीत चिखलाशिवाय काही नव्हतं. थाप मारली? मारली. तुम्हाला वाईट वाटत असेल तर त्या घरात एक हिवाळा काढून बघा, मग माझ्याशी बोला.

लंगड्या चक्रवाकावर आठवडा निघाला. ऐजारकिन रोज विचारायची, लंगडा कसा आहे? बुरुल सांगायची, आज बरा आहे, बायको त्याला सोडून खायला जात नाही. मग तो उडून गेला. मग आणखी बदकं आली, ना धड या जातीची ना त्या. बुरुलला रंग चढायला लागला होता. दुपारी भांडी घासतानाच ती संध्याकाळचे पक्षी ठरवून टाकायची. पण एक तिनं पाळलं. सासरच्यांना त्यात ओढलं नाही. खोटं बोलायचं ते बदकांच्या नावानं. सासूच्या, सासऱ्याच्या, दिराच्या नावानं खोटं बोलायला तिची जीभ रेटली नसती. त्यांना टोपणनावानं बोलवायचं तरी ते यायला हवेत खरे.

पुढं झालं असं, की ऐजारकिनच्या कामाचा रेटा वाढला. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आपा, आज गडबड आहे, बदकं उद्या सांगाल का?" दुसऱ्या दिवशीही तेच. आवाजात गोडवा होता, पण लक्ष नव्हतं.  फोन ठेवायच्या बेतात होती ती पोरगी, आणि बुरुलच्या तोंडून निघून गेलं, "माळढोक आलेत."

"काय?"

"माळढोक. रस्त्याच्या खालच्या शेतात, कापलेल्या गव्हात. मोठा कळप आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "आपा, नक्की ना? माळढोक आपल्या तळ्यावर किती वर्षांत कुणी बघितलेला नाही. थांबा, साहेबांना सांगते." त्या संध्याकाळी ते बोलणं खूप लांबलं. बुरुल सगळं सांगत गेली, कसे चालतात, कसे मान ताठ धरतात. सासऱ्याच्या तोंडून तरुणपणी ऐकलेलं होतं, ते कामाला आलं. फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते, आणि मग ती हळूहळू भानावर आली. कारण शेवटी ऐजारकिन म्हणाली होती, "आम्ही येतोय, आपा. साहेब स्वतः येतायत."

आले. सकाळी जीप दारात उभी. साहेब म्हणजे माकेश, पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, अबोल माणूस. बुरुलच्या नवऱ्याला तो ओळखायचा, म्हणून तिला वहिनी म्हणायचा. आणि ऐजारकिन. बुरुलनं तिला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून वाटली होती त्याहून किडकिडीत होती, थंडीनं नाक लाल झालेलं. तिनं बुरुलला घट्ट मिठी मारली. बुरुलला त्या मिठीत रडू आलं, आणि ते कशाचं होतं हे तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

दिवसभर ती दोघं शेतात उलान वाऱ्यात दुर्बिणी लावून उभी राहिली. बुरुल घरात बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळत होती. पहाटेच पीठ मळून ठेवलं होतं, मांस परतलं होतं, जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी उघडली होती. काय गंमत बघा, तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि तरीही ती आतून खूश होती. घरात माणसं जेवणार होती. तिनं नवऱ्याच्या वेळचे चांगले पेले काढले.

काकीश आदल्या दिवशीच परत आली होती. माकेशनं तिला कुंपणापाशी गाठून विचारलं, "तुम्ही बघितले का हो माळढोक?"

काकीशनं आधी बुरुलच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "बघितले की. एकानं तर माझ्याकडे बघून मान हलवली. हा एवढा होता. मेंढीएवढा. दोन मेंढ्यांएवढा."

माकेशनं चष्मा पुसला. तिच्या मदतीनं होतं नव्हतं तेही गेलं.

जेवणं झाली. माकेश जीप तापवायला बाहेर गेला. ऐजारकिन बुरुलबरोबर पेले विसळायला उभी राहिली. पाणी गरम होतं, खिडकीवर वाफ धरली होती.

"आपा, माळढोक नव्हते ना?"

बुरुल पेला पुसत राहिली.

"चक्रवाकही नव्हता."

"तो लंगडा..." बुरुलनं सुरुवात केली आणि सोडून दिली. "कधी कळलं तुला?"

"मला आधीच कळायला हवं होतं. दोन महिने तुमच्या सासरचं एकही माणूस आलं नाही, आपा. सासूबाई नाहीत, थोरले नाहीत, दीर नाहीत. अहो, आमच्या शहरातल्या कचऱ्यावरसुद्धा थोरले घिरट्या घालतात. तुमच्याकडे नुसती बदकंच बदकं. आज शेतात उभी राहिले तेव्हा डोक्यात उजेड पडला."

"रागावलीस?"

"नाही." ऐजारकिननं ओले हात तसेच धरले. "मला सांगायचं होतंत, आपा. नुसतं म्हणायचं होतंत, बोल माझ्याशी. मी बोलले असते."

हे सोपं असतं तर जगात कशाला कुणी माळढोक काढले असते.

जाताना माकेश दारात म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताचं जेवण दादांच्या वेळेसारखंच आहे." आणि मग खाली बघत, "तुमच्या खाडीचं आम्हाला आता धरता येणार नाही. कुठलं खरं, कुठलं नाही, कसं सांगायचं? या वर्षीचं सगळंच बाजूला ठेवावं लागेल. पुढेही राहू दे. ऐजारकिन, बस गाडीत." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. नवऱ्यानं इतकी वर्षं जी खाडी सांभाळली होती ती तिनं एका संध्याकाळच्या बोलण्यापायी घालवली. जीप वळून दिसेनाशी झाली, आणि आता फोन वाजणार नव्हता, हे तिला सरळ समजलं.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही, कारण काही झालंच नाही. बर्फ पडला. तिनं दारापासून गोठ्यापर्यंत वाट साफ केली. पुन्हा पडला, पुन्हा केली. फोन उशाला ठेवायची तो नंतर फडताळात ठेवायला लागली. काकीश एकदा म्हणाली, "मी तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि तू साधे आभार मानत नाहीस."

"दोन मेंढ्यांएवढा म्हणालीस."

"मला काय माहीत तो मेला केवढा असतो."

तेवढंच त्या महिन्यातलं हसणं.

मग हिवाळा सरत आला. उन्हाला जरा धार आली होती. एका सकाळी बुरुल गवताच्या गंजीपाशी गेली तर कबुतरं एकाएकी भर्रकन उठली. तिनं वर बघितलं. घरामागच्या पॉपलरवर, शेंड्याच्या खालच्या फांदीवर, तो बसला होता.

आधी तिला वाटलं बर्फाचा गोळा अडकलाय. मग त्या गोळ्यानं मान फिरवली. पांढराशुभ्र, छातीवर फिकट राखाडी रेघा, असतील नसतील अशा. डोळे नारिंगी. पंख आखूड, शेपूट लांब. म्हणजे दीर नव्हेत, दिरांचे पंख टोकदार. सासऱ्याच्या पक्ष्यांना मांस भरवण्यात तिचं तारुण्य गेलं होतं, तिची चूक होण्यासारखी नव्हती. पायाखाली कबुतर होतं आणि तो सावकाश, टापटिपीनं पिसं उपटत होता. पिसं खाली बर्फावर पडत होती. नवराही असाच जेवायचा, सावकाश, सांडू न देता. बुरुल गवताचा भारा छातीशी धरून उभी राहिली. तिला आनंद झाला असं म्हणणार होतो, पण तसं नव्हतं. तिला संताप आला. आयुष्यभर त्यानं वाट बघितली, आणि आता येतोस? आता?

मग ती घरात गेली आणि फडताळातून फोन काढला.

फोन ऐजारकिननं उचलला. "आपा?" तिचा आवाज दबका झाला. मागं माणसं बोलत होती. "आपा, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. एक सांगायचं होतं. आलाय."

"कोण आलाय?"

"पांढरा. घरामागं. कबुतर खातोय."

"पांढरा म्हणजे? सासूबाई कबुतर खात नाहीत."

"सासूबाई नव्हेत. दीरही नव्हेत." बुरुल थांबली. "मेलिसच्या बापाच्या नावाचा."

 ऐजारकिननं फोनवर हात ठेवला असावा, पुसट बोलणं झालं, आणि माकेशचा आवाज आला. रागाचा नव्हता, थकलेला होता. "वहिनी, नमस्कार. ऐका. तुमच्या खाडीची वर्णनं आम्ही पुष्कळ ऐकली. पांढरं काहीतरी, मोठं काहीतरी, असं मला चालणार नाही. काय आहे ते नाव घेऊन सांगा. नाही तर राहू द्या."

खिडकीतून पॉपलर दिसत होता. गादी होती तिथंच होती, नवरा गेल्यापासून तिनं ती हलवली नव्हती. बुरुलनं पलीकडच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं.

"तुयगुन," ती म्हणाली.



"तुयगुन आलाय," ती पुन्हा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो नव्या सुनेचा वाटला. "आमच्या पॉपलरवर बसलाय. तुयगुन. या नावानं खोटं बोलायची मी नाही, माकेश."

ऐजारकिन मागं रडत होती.  "माझ्या आईनं माझ्या वडिलांचं नाव मरेपर्यंत घेतलं नाही," माकेश म्हणाला. "दवाखान्यात विचारलं तेव्हासुद्धा मला आत बोलावून माझ्याकडून वदवून घेतलं." मग त्यानं फोन बाजूला धरून सांगितलेलं बुरुलला स्पष्ट ऐकू आलं. "लिही, ऐजारकिन. कोश-बुलाक. पांढरा बाज. बघणारीचं नाव लिही. फोटो नाही असंही लिही, आणि त्याच्याखाली माझी सही घे."

फोन ठेवून बुरुल तशीच बसली. ती वाट बघत होती. कशाची ते तिचं तिलाही आधी कळेना, मग कळलं. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी खाकरेल म्हणून ती कान देऊन बसली होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, नाव घेतलं की घर बोलेल, रागावेल, काहीतरी म्हणेल. नाव घेऊन झालं. कुणी खाकरलं नाही. रागावणारं कुणी उरलंच नव्हतं, आणि हे तिला नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीही इतकं कळलं नव्हतं.

ती अंगणात गेली. फांदी रिकामी होती. खाली बर्फावर कबुतराची पिसं, थोडं रक्त. वर निळं आभाळ. तिनं ओढणीआड न बोलता, गोठ्यातल्या शेळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "तुयगुन." मग आणखी एकदा मारली.

कुंपणापलीकडे काकीश वाट साफ करत होती. तिनं फावडं टेकवलं. "कुणाला हाका मारतेस गं?"

"यांना."

काकीशला टोमणा सुचला असणारच. तिनं तो मारला नाही. "ओ दिली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"पुरुष सगळे सारखेच," काकीश म्हणाली आणि फावडं उचलून बुरुलच्या बाजूची वाट साफ करायला लागली.

दुसऱ्या दिवशी बुरुल सकाळपासून खाडीवर होती. पाणी मागंच होतं, चिखल गोठलेला, जळक्या बोरूचे खुंट. पॉपलरवर कुणी नाही. हंस नाही, गरुड नाही, साधा कावळाही नाही. सांजेला ती घरी आली, चूल पेटवली, आणि फडताळातला फोन वाजला. तिनं लावला नव्हता. तो आपणहून वाजत होता.

"आपा," ऐजारकिन म्हणाली, "काय दिसलं आज?"

बुरुलच्या ओठावर एक बदक आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पाणबदक, हिरव्या डोक्याचं, एकटं. तिनं ते गिळून टाकलं.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच नाही दिसलं गं आज."

"बरं. काही नाही, असं लिहिते."

काही नसलं की मग फोन ठेवायचा आवाज यायचा. बुरुलनं त्याची वाट बघितली. आवाज आला नाही. पलीकडे ऐजारकिननं खुर्ची ओढून घेतल्याचं ऐकू आलं.

"चहा झाला का, आपा?"

झाला नव्हता. बुरुलनं फोन कानाला धरूनच किटली चुलीवर ठेवली.